ठिपका कोणाला दिसतो? : एका विज्ञान-एकांकिकेतल्या लेझर साईटचं प्रकरण

प्रकरण एका एकांकिकेचं आहे, आणि सगळी अडचण एका लाल ठिपक्याची.

मालवणातल्या आमच्या हौशी मंडळाने विज्ञान-एकांकिका बसवायला घेतली. काळ साधारण २०९०. समुद्र वर चढलाय, दांडीचा किनारा पाण्याखाली गेलाय, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटावर एका कंपनीची चौकी बसलीय. समोरचं पाणी कंपनीने भाडेपट्ट्याने घेतलंय आणि त्यात कुणी जाळं टाकलं तर तटावरची पहारेकरीण गोळी घालू शकते. तरी गावची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने ओढायचं मोठं जाळं, ओढली जातेच. एवढीच गोष्ट. शेवटाकडे संहितेत एक सूचना होती: 'पहारेकरणीच्या लेझर रायफलीतून लाल किरण निघतो, रंगमंच कापत जातो, म्हाताऱ्या रापणकराच्या छातीवर स्थिरावतो. शांतता. मग गोळी.'

मी मंडळाची प्रकाशयोजना बघतो आणि दिवसा ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. त्यामुळे हे वाक्य दोन्ही बाजूंनी माझ्याच अंगावर आलं.

पहिला प्रयोग

पहिल्या स्पर्धेत हे दृश्य पडलं. रायफल आमच्याच पोरांनी प्लायवूड आणि पीव्हीसी पाइपातून केली होती आणि दिसायला झकास होती. नळीखाली लाल लेझरचं छोटं मॉड्यूल बसवलेलं, ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचं, वर ५ मिलिवॅट छापलेलं. किरण दिसावा म्हणून भाड्याचं स्मोक मशीन आणलं. पण सभागृहात उकाडा, त्यामुळे पंखे गरगर फिरत होते. धूर विंगेतून बाहेर आला, दोन हात वर गेला आणि छताकडे निघून गेला. किरण दिसला तो डाव्या बाजूच्या पहिल्या काही रांगांना, तोही पुसट. बाकीच्यांना दिसला फक्त ठिपका. आणि तो ठिपका थांबेना.

यात पहारेकरीण झालेल्या मुलीचा काही दोष नाही. तिच्यात आणि म्हाताऱ्यात साधारण आठ मीटर अंतर होतं. हात एक अंश हलला की आठ मीटरवर ठिपका चौदा सेंटिमीटर सरकतो. जड रायफल धरून, संवाद म्हणत, एक अंशही न हलणं कुणाला जमतं? ठिपका छातीवरून खांद्यावर, तिथून गळ्यावर. गळ्यावर आला तसं म्हाताऱ्याचं काम करणाऱ्याने डोळ्यांत जाईल या भीतीने तोंड फिरवलं. ज्याने मरणाकडे सरळ बघायचं तोच मान वळवून उभा! मागच्या रांगेतून आवाज आला, "डास बसलो रे तेच्या मानेर!" आणि अख्खं सभागृह हसलं. गोळीचा आवाज त्या हशातच गेला.

परीक्षकांनी नंतर दोन गोष्टी बोलून दाखवल्या. एक, २०९० सालात लेझर साईट, म्हणजे नेम धरायला बंदुकीवर बसवलेलं लेझर, कशाला हवी, तोवर बंदूक स्वतःच नेम धरेल. दोन, शस्त्र नेमकं काय आहे? एका पानावर लेझर रायफल म्हणता, दुसऱ्या पानावर गोळी सुटते. बोलणं तिखट होतं, पण मुद्दे बिनतोड होते.

परतीच्या टेम्पोत मंडळाचे दोन तट पडले. दिग्दर्शिका ताईंचं म्हणणं, हा दिव्याचा प्रश्न आहे, जास्त ताकदीचं लेझर आणा. लेखक पोरगा इंजिनिअरिंगला आहे. त्याचं म्हणणं, हा विज्ञानाचा प्रश्न आहे, शस्त्र बदला. दोघांचं ऐकून घेतलं, आणि दोन्ही वाटा थोड्याथोड्या चालूनही पाहिल्या.

किरण दिसत का नाही

लेझरचा किरण बाजूने बघणाऱ्याला आपोआप दिसत नाही. प्रकाश आपल्या डोळ्यांत आला तरच आपल्याला दिसणार, आणि लेझरचा प्रकाश तर एकाच दिशेने चाललेला असतो. वाटेत धूळ, धूर, धुकं असेल तर त्यातला थोडा विखुरतो आणि रेघ दिसते. टिंडाल या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात दाखवलेला परिणाम तो हाच. अंतराळात विखुरायला काहीच नाही, म्हणून तिथे रेघही नाही. पडद्यावर अवकाशयानांच्या लढाईत दिसणाऱ्या रंगीत रेघा आपल्यासाठी काढलेल्या असतात.

रंगमंचावरची खरी गोम पुढे आहे. धुराचे कण प्रकाशाच्या तरंगलांबीएवढे किंवा त्याहून मोठे असले की ते प्रकाश बहुतांशी पुढच्या दिशेनेच विखुरतात, आडवा फार थोडा जातो. म्हणजे किरण सगळ्यांत झळझळीत कोणाला दिसणार? ज्याच्या तोंडाकडे तो येतोय त्याला. आडव्या किरणाकडे बाजूने बघणाऱ्या प्रेक्षकाला तो फिकाच दिसतो. प्रेक्षकांना ठळक रेघ दाखवायची तर लेझर त्यांच्याच दिशेने रोखावं लागेल, आणि नेमकं तेच करायचं नसतं. चांगला दिसेल असा कोन आणि सुरक्षित कोन, हे दोन कधी एका जागी येत नाहीत.

ताईंच्या सांगण्यावरून एका पोराने ऑनलाइन हिरवं लेझर मागवलं. त्यांचा विचार चुकीचा नव्हता. डोळ्याला सर्वांत तेज दिसतो तो ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळट हिरवा. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा किरण तेवढ्याच ताकदीच्या ६५० च्या लाल किरणापेक्षा सुमारे आठपट उजळ दिसतो. लादी बसवणारे हल्ली लेव्हलसाठी हिरवं लेझर वापरतात ते त्यामुळेच. पण स्वस्त हिरव्या पॉइंटरची गोष्ट वेगळी आहे. त्यात आधी ८०८ नॅनोमीटरचा अदृश्य किरण एका स्फटिकाला चेतवतो, त्यातून १०६४ चा निघतो, आणि दुसरा स्फटिक त्याचा ५३२ चा हिरवा करतो. शेवटी अवरक्त अडवणारी काच नसेल तर हिरव्यासोबत अदृश्य किरणही बाहेर पडतो, आणि जो दिसत नाही त्याला पापणी मिटत नाही. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मापन संस्थेने १२२ पॉइंटर तपासून २०१३ साली निष्कर्ष मांडले. हिरव्यांपैकी जवळजवळ ९० टक्के आणि लालांपैकी सुमारे ४४ टक्के सुरक्षेच्या नियमांत बसत नव्हते. डबीवर ५ छापलं म्हणजे आत ५ च असतात असं नाही.

आलेलं लेझर मी शाळेच्या मागच्या भिंतीवर, चांगल्या लांबवरून मारून पाहिलं आणि डबीत परत ठेवलं. सभागृहात ते चालणार नाही, हे सांगितलं. ताई नाराज झाल्या. माझ्या बाजूने अनपेक्षितपणे उभा राहिला तो शूटिंगवाला. "सर, एकदा का कॅमेऱ्यात डायरेक्ट गेला ना, सेन्सरवर कायमची रेघ. भरून कोण देणार?" प्रेक्षकांच्या डोळ्यांबद्दल मी अर्धा तास बोललो होतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरने ते काम एका वाक्यात केलं.

पोरांना ते लेझर समुद्राकडे मारून बघायचं होतं. तेही थांबवलं. कर्ली खाडीपलीकडे चिपीचा विमानतळ आहे, तेव्हा आकाशाकडे लेझर रोखणं हा खेळ नव्हे. आणि आपल्या किनाऱ्यावर रात्री समुद्रात परका उजेड दिसला की लोकांच्या मनात पहिला संशय एलईडीवाल्यांचा येतो. दिवे लावून मासे गोळा करायच्या त्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली, तरी भांडण मिटलेलं नाही. पाण्यावरचा उजेड म्हणजे कोणीतरी आपला घास पळवतोय, ही जाणीव इथल्या प्रेक्षकांना शिकवावी लागत नाही. पुढे ही गोष्ट आमच्या कामी आली.

शस्त्र कोणतं

आता लेखकाची बाजू. बंदूक स्वतःच लेझरची असेल तर वेगळी लेझर साईट कशाला, हा परीक्षकांच्या दुसऱ्या मुद्द्यातून निघणारा प्रश्न वरवर पाहता बरोबर वाटतो. पण त्याला खरं उत्तर आहे, आणि ते दवाखान्यात मिळतं. शस्त्रक्रियेचं कार्बन डायऑक्साइड लेझर १०.६ मायक्रोमीटरचं असतं, डोळ्याला अजिबात न दिसणारं. त्याच्या वाटेवरूनच एक कमी ताकदीचा लाल किरण सोडतात, म्हणजे मुख्य किरण कुठे पडणार ते सर्जनला कळतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काहींच्या भिंगामागे पडदा धरतो, तो 'लेझर मारून' काढतात. ते याग नावाचं लेझरही अदृश्यच. डॉक्टरांना दिसतात दोन लाल ठिपके, आणि ते सरकवून एकमेकांवर बसले की नेम लागला. मालवणात ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांतल्या पुष्कळांचा लेझर साईटशी असा दवाखान्यात संबंध आलेला आहे, फक्त तिला कोणी त्या नावाने ओळखत नाही. तेव्हा मारक किरण अदृश्य आणि नेमाचा किरण दृश्य, ही जोडी विज्ञानकथेत बिनधास्त चालते.

आम्ही मात्र गोळीच ठेवली. लेझरने माणूस मारायचा तर त्याच जागी किरण काही काळ धरून ठेवावा लागतो, आणि ते रंगमंचावर दाखवणं म्हणजे पुन्हा पहिलीच अडचण. मध्यंतरी एका खर्ड्यात पहारेकरीण म्हाताऱ्याला लेझरने आंधळा करते असंही आलं होतं. त्यावर लेखकाला सांगितलं, कायमचं आंधळं करण्यासाठी बनवलेल्या लेझर शस्त्रांवर १९९५ साली व्हिएन्नात स्वीकारलेल्या करारानेच बंदी आहे, १९९८ पासून तो लागू आहे आणि भारतही त्यात आहे. कंपनी करार मोडते असं दाखवायचं असेल तर ते वेगळं नाटक होईल.

मग लेखकाने रेलगन आणली, विजेच्या प्रवाहाने दोन रुळांमधून फेकलेली गोळी. अमेरिकी नौदलाच्या चाचण्यांत तिचा वेग सेकंदाला दोन किलोमीटरच्या वर गेला होता. २०२१ मध्ये तो प्रकल्प थांबवला, पण कथेला त्याचं काय. "एवढ्या वेगात गोळी सरळच जाणार ना सर? लेझरसारखी?" त्याने विचारलं. आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. प्रकाश सरळ जातो, गोळी सुटल्याक्षणी पडू लागते. सेकंदाला ४०० मीटर वेगाची साधी गोळी १०० मीटर जायला पाव सेकंद घेते आणि तेवढ्यात सुमारे ३० सेंटिमीटर खाली येते, हवेचा अडथळा सोडून. किल्ला किनाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरच्या आसपास. दोन किलोमीटर वेगाची गोळी ५०० मीटरला किती घेईल? तोच पाव सेकंद, तेच ३० सेंटिमीटर! शंभर वर्षांची प्रगती आणि गोळी तेवढीच खाली. छातीवर ठिपका ठेवला तर लागणार पोटात. शिवाय साईट नळीच्या वर किंवा खाली काही सेंटिमीटरवर असते, म्हणून किरण आणि गोळीची वाट एखाद-दुसऱ्या ठरावीक अंतरावरच जुळवता येते. जवळ-लांब गेलं की फरक आलाच.

ठिपक्याचंही तसंच. साधा पॉइंटर साधारण एक मिलिरेडियन पसरतो, म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर आणि ५०० मीटरवर अर्धा मीटर. किल्ल्यावरून मारलेला ठिपका म्हाताऱ्याच्या छातीएवढा होईल. बारीक ठेवायचा तर पुढे मोठं भिंग हवं. दुपारच्या उन्हात तर प्रश्नच मिटला. एक चौरस सेंटिमीटर जागेवर ऊन साधारण १०० मिलिवॅट पडतं, त्यात आपले ५ कोण बघतो? म्हणून आमची रापण पहाटेच ओढली जाते. हा बदल मात्र लेखकाने आनंदाने केला.

आणि परीक्षकांचा मूळ प्रश्न उरलाच. ज्या यंत्राला अंतर मोजता येतं, वारा कळतो, गोळी किती पडेल ते ठाऊक आहे, त्याला ठिपका कशाला लागेल? नेमबाजाला स्वतःला ठिपका हवा असेल तर १९०० मध्ये हॉवर्ड ग्रब यांनी काढलेली तऱ्हा आहेच, काचेत दिसणारा ठिपका, जो फक्त नेम धरणाऱ्याला दिसतो. समोरच्याला पत्ता लागत नाही. सैन्यात रात्री अवरक्त लेझर वापरतात, तेही रात्री बघायची खास दुर्बीण लावलेल्यालाच दिसतं. उघड्या डोळ्यांना दिसणारा ठिपका म्हणजे गुपचूप मारणाऱ्याने आपला ठावठिकाणा स्वतःच जाहीर करणं.

मग तो पडद्यावर एवढा रुजला कसा? यातली एक कहाणी पोरांना फार आवडली. १९८४ च्या 'द टर्मिनेटर' चित्रपटातल्या पिस्तुलावर जी लेझर साईट आहे, तिच्यात हीलियम-निऑनची नळी होती. स्वस्त लाल लेझर डायोड तेव्हा बाजारात नव्हते. ती नळी पेटवायला दहा हजार व्होल्ट आणि चालू ठेवायला एक हजार लागत. बॅटरी नटाच्या जाकिटात, वायर पिस्तुलापर्यंत नेलेली, बटण दुसऱ्या हातात. म्हणजे भविष्यातून आलेल्या यंत्रमानवाचं शस्त्र वायरीने बांधलेलं होतं! नळी ६३२.८ नॅनोमीटरची, म्हणून ठिपका लाल. पुढे १९८७ च्या 'प्रेडेटर'मध्ये त्रिकोणातले तीन ठिपके आले, तेही लाल. डोळ्याला हिरवा उजळ दिसत असताना विज्ञानकथेत ठिपका लाल राहिला, याला त्या नळीचा मोठा हात असावा असं मला वाटतं. नंतर रक्ताचा रंग वगैरे अर्थ आपण चिकटवले.

काकांचं म्हणणं

इथवर प्रकरण अडलेलं होतं. लेखकाला पटलं होतं की ठिपका काढून टाकावा. ताईंना ठिपक्याशिवाय शेवट नको होता. मधली वाट काढली ती एका दशावतारी काकांनी. त्यांचं सगळं आयुष्य जत्रांतल्या ट्रिकसीनमध्ये गेलेलं. कमळातून देवी काढायची, राक्षसाचं मुंडकं उडवायचं, पाण्यातून शेष वर आणायचा, ही त्यांची कामं. तालमीला सहज म्हणून आले होते. फळ्यावरचा आमचा गणिताचा पसारा थोडा वेळ बघितला आणि म्हणाले, "मास्तरानू, ह्यो ठिपको कोणाक दिसाक व्हयो?"

मी म्हटलं, "नेमबाजाला काका. नेम धरायला."

"मगे ती वायच विंगेत जावन धरूंदे नेम. लोकांचा काय अडलाहा?" ते म्हणाले. "राक्षस येवच्या आदी मशालीर राळ उडयतत, ती कित्याक? राक्षसाक उजेड व्हयो म्हणान? लोकांका आदी कळाक व्हया, आता कायतरी होतला. मगे झाला काय टाळी."

काकांच्या बोलण्याने प्रश्नाची दिशाच बदलली. ठिपका नेम धरायला असतो हे आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, आणि म्हणूनच २०९० मध्ये तो खुळचट वाटत होता. पण खऱ्या जगातही दिसणाऱ्या ठिपक्याचा मोठा उपयोग समोरच्याला दाखवायचाच आहे. ब्रिटिश पोलीस टेझर, म्हणजे विजेचा झटका देणारं हत्यार, वापरतात, तेव्हा नोंदीत 'रेड डॉट' असा वेगळा प्रकार असतो: ठिपका अंगावर ठेवला, टेझर चालवला नाही. पुष्कळदा एवढ्यावरच काम भागतं. माणूस आपल्या छातीकडे बघतो आणि हात वर करतो.

म्हणजे ठिपक्याला कारण हवं होतं ते तंत्राचं नव्हे, कायद्याचं. लेखकाने ते दोन दिवसांत शोधलं, आणि माझ्या मते एकांकिकेतली सगळ्यांत चांगली कल्पना तीच आहे. नवा नियम असा: कंपनीला गोळी घालायचा परवाना आहे, पण आधी इशारा द्यायचं बंधन आहे. यंत्राने लक्ष्यावर दिसणारा ठिपका सलग तीन सेकंद ठेवला पाहिजे. ठिपका निसटला की मोजणी पुन्हा एकपासून. नेम यंत्र स्वतःच धरतं, त्याला ठिपक्याची गरज नाही. ठिपका आहे तो कागदोपत्री माणुसकी दाखवायला.

आणि या नियमाला रापणकरांनी काय उत्तर दिलं? रापण म्हणजे दोराला लागलेली माणसं. ओढता ओढता मागचा पुढे येतो, पुढचा मागे जातो, दोर सोडायचा नाही आणि जागा धरून राहायचं नाही. पहाटेच्या अंधारात यंत्राने एकाच्या छातीवर ठिपका ठेवला की तीन सेकंदांच्या आत तो खाली वाकतो, दुसरा त्याच्या आड येतो. ठिपका छातीवरून छातीवर पळत राहतो, मोजणी पूर्ण होत नाही, जाळं किनाऱ्याला लागत जातं.

हे ऐकल्यावर ताईंनी आधीचा शेवट फाडला.

बसवलं कसं

आता प्रश्न ठिपका पळवायचा. खऱ्या लेझरने हे होणार नव्हतं. किल्ला प्रेक्षकांच्या मागे आहे असं मानून रापणकर प्रेक्षकांकडे तोंड करून ओढणार होते, म्हणजे लेझर प्रेक्षकांच्या डोक्यांवरून नटांच्या डोळ्यांकडे मारावं लागलं असतं. मी प्रोफाइल स्पॉटच्या दिव्याला आयरिस, म्हणजे झोत बारीक करणारी झडप, लावून, लाल जिलेटिनचा कागद चढवून ठिपका करून पाहिला. स्थिर होता, शेवटच्या रांगेतून दिसत होता, पण चांगला बशीएवढा मोठा. शिवाय नट थोडा चुकला की ठिपका मागच्या पडद्यावर, आणि वाटेतल्या धुळीत स्पॉटचा झोत दिसायचा, त्यामुळे उजेड कुठून येतो ते सगळ्यांना कळायचं.

काकांनी तेही सोडवलं. "ठिपको बाहेरसून मारू नको. नटाच्या आंगार जाग्यारच पेटव." प्रत्येक रापणकराच्या गंजीच्या आतून, छातीपाशी, एक लाल एलईडी. तिच्यावर पातळ मलमलीचे दोन पदर, म्हणजे टोक टोचल्यासारखं न दिसता करंगळीच्या नखाएवढा गोल उजळतो. लाल एलईडीला दोन व्होल्टच्या आसपास पुरतात, म्हणून तीन व्होल्टची बटण-बॅटरी आणि एक छोटा रेझिस्टर, एवढ्यात भागलं. वायर बाहीतून तळहातापर्यंत, तिथे दाबायचं बटण. दोर धरलेल्या मुठीत बटण कुणाला दिसत नाही. 'टर्मिनेटर'मध्येही बटण हातातच होतं, फरक इतकाच की आमच्याकडे ते मारणाऱ्याच्या हातात नसून मरणाऱ्याच्या हातात आहे. लेखकाला हे कळल्यावर तो तालीम सोडून वही घेऊन बसला.

सुरुवातीला गोंधळ झाला. एकाने बटण सोडायच्या आत दुसऱ्याने दाबलं की एका बंदुकीचे दोन ठिपके. कधी कुणीच दाबलं नाही तर ठिपका हवेत विरला. मोजून दाबा म्हटलं तर पोरं संवाद विसरायची. शेवटी पखवाज आणला. दशावतारात सगळ्या हालचाली पखवाजावर आणि झांजेवरच बांधलेल्या असतात, तेव्हा काकांना त्यात नवल वाटलं नाही. समेला दाबायचं, पुढच्या समेला सोडायचं, पुढचा त्याच क्षणी धरणार. लय वाढत जाते तसा ठिपका जास्त वेगाने पळतो. मशीनची मोजणी म्हणून आधी आम्ही बीप-बीप आवाज ठेवला होता. पखवाज आल्यावर तो काढून टाकला.

घाम आणि खारी हवा यांनी मात्र पिडलं. बटणांचे पत्रे हिरवे पडायचे, ऐन तालमीत ठिपका अडकून राहायचा. प्रत्येक वेळी प्रयोगाआधी पत्रे घासून घेणं आणि बॅटरी नवी घालणं, हे काम आता ठरवून एकाच माणसाकडे आहे.

पहारेकरणीच्या हातातून रायफल काढून घेतली. ती आता प्रेक्षकांत, मधल्या वाटेवर, पाठमोरी उभी असते. तिच्यापुढे एक फळी आणि तिच्यावर एक लिव्हर. नेम यंत्र धरतंय, तिला फक्त 'मंजूर' म्हणायचंय. यावरून काका आणि माझं अजून जमत नाही. त्यांना बंदूक रंगमंचावर हवी आहे. "हत्यार दिसल्याशिवाय लोकांका भय वाटणा नाय," असं ते म्हणतात. मला वाटतं, छातीवर ठिपका दिसतोय तोवर बंदुकीची गरज नाही, उलट बंदूक दिसली की प्रेक्षक प्लायवूड बघत बसतात. ताई सध्या माझ्या बाजूने आहेत, पण जत्रेच्या मांडावर प्रयोग ठरला तर काकांचं ऐकेन असं त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय.

दुसऱ्या स्पर्धेत हे दृश्य चाललं. ठिपका तिसऱ्यांदा माणूस बदलतो तिथे सभागृहाला नियम कळला, कारण पुढच्या वेळी ठिपका म्हाताऱ्याच्या छातीवर आला तेव्हा मागून एक बाई मोठ्याने ओरडल्या, "वाक रे मेल्या!" शेवट असा ठेवलाय की दमून म्हातारा एकदा वाकायचाच राहतो. एक, दोन, तीन. पहारेकरीण लिव्हरवर हात ठेवून उभी. पखवाज थांबलेला. ती 'मंजूर' म्हणते की नाही हे न सांगता म्हातारा स्वतःच बटण सोडतो आणि ठिपका विझतो.

एका परीक्षकांना हे खटकलं. यंत्राने ठेवलेला ठिपका म्हाताऱ्याच्या हातून कसा विझेल, गोळी सुटली की नाही ते सांगा, असं त्यांनी विचारलं. लेखकाने उत्तर दिलं की ठिपका यंत्रानेच काढला, मंजुरी मिळाली नाही म्हणून. मी बटण म्हाताऱ्याच्या मुठीत बघितलेलं असल्याने माझं मत वेगळं आहे. म्हाताऱ्याचं काम करणाऱ्या मुलाने पुढच्या प्रयोगापासून बटण सोडताना मूठ किंचित उघडायला सुरुवात केलीय, ताईंनी सांगितलं नसताना. पहिल्या दोन रांगांना तेवढं दिसतं. त्याला थांबवायचं की नाही, यावर या आठवड्याच्या तालमीत बोलणं व्हायचंय.